मामाच्या पुंगळ्या

उधन्याहून एका ताईंचे पत्र आले आहे. माहेर शहाद्याचे, सासर दोंडाईचाकडचे आणि संसार गेली बावीस वर्षे सुरतला. यजमान मिलमध्ये. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांसारखेच. आपल्या भागाला सुरत परकी कधी नव्हतीच. नवापूर स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलेल्या माणसाचा एक पाय महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत असतो, तिथे परके कोणाला म्हणायचे?

पत्रातला प्रश्न मात्र या सदराकडे आजवर कधी आला नव्हता. ताई लिहितात, "मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. एन.सी.सी.मध्ये बंदुकीला हात लागला, नेम चांगला निघाला, आता क्लबात .२२ च्या पिस्तुलावर सराव करतो. माझा भाऊ अमेरिकेत असतो. तिकडे त्याला घरच्या घरी गोळ्या भरण्याचा छंद आहे. येत्या डिसेंबरात भाचीच्या लग्नाला येतो आहे. भाच्यासाठी त्याने दोन किलो पितळी पुंगळ्या जमवून ठेवल्या आहेत. त्यातल्या कोणत्या आणू ते विचारून कळव म्हणतो. मला पितळेतले हंडा-कळशीपलीकडे काही कळत नाही. चांगली पुंगळी कशी ओळखायची?"

ताई, आधी एक काम करा. हा अंक खाली ठेवा आणि भावाला फोन लावून सांगा, की बॅगेत एकही पुंगळी घालू नकोस. कारण मागाहून सांगते. पुंगळीची पारख कशी करतात तेही सांगते, कारण प्रश्न चांगला आहे आणि हंडा-कळशी कळणाऱ्या बाईला त्यातले निम्मे आधीच कळलेले असते.

गोळी म्हणजे चार वस्तूंची एक पुडी. पुढे शिशाची गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आणि या तिघांना धरून ठेवणारी पितळेची नळी. ती नळी म्हणजे पुंगळी. १८५७ साली ज्या काडतुसांवरून एवढा वणवा पेटला, ती कागदाची होती. दातांनी फाडून दारू नळीत ओतायची. पुढच्या दहा वर्षांत ब्रिटिश फौजेत पितळी काडतूस आले. सुरुवातीला ते पातळ पत्रा गुंडाळून केलेले असे. सुदानच्या लढाईत, १८८५ च्या सुमारास, ही गुंडाळीची काडतुसे तापलेल्या बंदुकीत अडकून बसली आणि सैनिक ऐन वेळी ती उकरत बसले. त्यानंतर एकाच चकतीतून ओढून काढलेली अखंड पुंगळी रूढ झाली. आज जी दिसते ती हीच.

पण पितळच का? लोखंड स्वस्त असते, ॲल्युमिनियम हलके असते. त्यांच्याही पुंगळ्या निघतात, पण परत भरणारे लोक त्या बाजूला काढतात. दारू पेटली की पुंगळी क्षणभर फुगते आणि नळीच्या घराला सगळीकडून घट्ट चिकटते, त्यामुळे धूर-वाफ नेमबाजाच्या तोंडावर न येता पुढे जाते. दाब उतरला की ती पुन्हा किंचित आकसते, म्हणून बाहेर निघते. फुगायचे आणि पुन्हा आवरायचे, हे दोन्ही नीट जमते ते शंभरात सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असलेल्या पितळेला. या मिश्रणाला जगभर 'काडतुसी पितळ' असेच नाव आहे. ओतीव वस्तूंच्या पितळेत जस्त बहुधा याहून जास्त असते, ते ठोकले तर तडकते.

हा कारखानदारीचा भाग आपल्याला दूरचा नाही. सुरतहून भुसावळच्या गाडीत बसलात तर भुसावळच्या पुढे वरणगाव येते. तिथला दारूगोळ्याचा कारखाना १९६४ पासूनचा, बंदुकीच्या गोळ्या हेच त्याचे काम. पुण्याजवळ खडकीचा तर १८६९ पासूनचा. २०२१ पासून दोन्ही 'म्युनिशन्स इंडिया' या सरकारी कंपनीत आहेत. पोलिसांच्या बातमीत 'केएफ लिहिलेली पुंगळी सापडली' असे वाचतो ना, ते केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी.

आता पारख. पहिला प्रश्न: पुंगळी भरता येण्याजोगी आहे की नाही? तुमचा मुलगा वापरतो ती .२२ ची पुंगळी कधीच परत भरता येत नाही. तिला वेगळी टोपी नसते. ठिणगीचा मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो, पिस्तुलाची सुई ती कड चेचते आणि काम संपते. चेचलेली कड काही पुन्हा उभी राहत नाही. आपली कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकली, तेही याच .२२ वर. म्हणजे या मुलांचा सगळा सराव ज्या गोळीवर चालतो तिची पुंगळी सरळ भंगारात जाते. मामांनी गोळा केलेल्या ढिगातल्या .२२ च्या पुंगळ्या तिथेच बाद.

परत भरता येतात त्या बुडाच्या मधोमध टोपी असलेल्या. नेमबाजीत पुरुषांचा 'सेंटर फायर पिस्तूल' असा एक प्रकार असतो. साठ गोळ्या, तीस सावकाश आणि तीस झटपट. ऑलिंपिकमध्ये तो नाही, पण जागतिक स्पर्धेत आहे, आणि दोहाच्या २००६ च्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने त्यात ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. त्यात बहुतेक जण .३२ वापरतात. तिची दारू कमी, दाब कमी, म्हणून पुंगळी पुष्कळ दिवस टिकते. तुमचा मुलगा पुढे या प्रकारात उतरला तरच पुंगळीचा प्रश्न येतो. मामांच्या ढिगात अमेरिकन रिवाजाप्रमाणे ९ एम.एम.च्या जास्त असणार. ९ एम.एम. हा बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. त्या पुंगळ्या घेऊन करायचे काय?

समजा .३२ च्याच आहेत. मग भरणारा माणूस त्या घेऊन बसतो कसा, ते बघा. आधी बुडावरची अक्षरे वाचून ढीग लावतो. एका कारखान्याच्या एकीकडे, दुसऱ्याच्या दुसरीकडे. बाहेरून सगळ्या सारख्या दिसल्या तरी आतली जाडी सारखी नसते. आत जागा कमी असेल तर तेवढ्याच दारूने दाब जास्त चढतो, जागा जास्त असेल तर कमी. २५ मीटरच्या सावकाश मारायच्या निशाणावर दहाचे वर्तुळ पाच सेंटीमीटरचे असते, तिथे मिसळलेल्या पुंगळ्या नेमबाजाला दगा देतात. नेम चुकला असे त्याला वाटते आणि चूक असते पुंगळीची.

मग तोंड बघतो. पुंगळी दरवेळी फुगते, आकसते, पुन्हा साच्यातून काढली जाते. या प्रत्येक हालचालीने पितळ कडक होत जाते. तांबट आळीत जे बसले असतील त्यांना हे सांगायला नको. ठोकता ठोकता पत्रा 'कडक येतो', मग तो भट्टीत तापवून मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. तापवले नाही तर काठाला चीर जाते. पुंगळीचेही तसेच, तोंडाला केसासारखी उभी चीर दिसली की ती गेली. निकेलचा मुलामा दिलेल्या चकचकीत पुंगळ्या दिसायला छान, पण चिरतात लवकर. आणि कोणी म्हणेल, की मग तांबटासारखे तापवून मऊ करू, तर पिस्तुलाच्या आखूड पुंगळीला ते करूच नये. बूड कडकच राहायला हवे, सगळा दाब तिथे थांबतो. आखूड पुंगळीत तोंड तापवताना बूडही तापते.

चीर डोळ्यांना दिसली नाही तर कानांना कळते. आपण चौट्याच्या बाजारात कळशी घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारतो. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर दुकानदार कितीही गोड बोलो, आपण ती परत ठेवतो. भरणारे लोक मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवतात. त्यात एक जरी चिरलेली असली तरी तिचा आवाज वेगळा येतो. ताई, या परीक्षेत तुम्ही भावाच्या पुढे असाल.

त्यानंतर बूड. बुडाच्या वर फुगवटा आला असेल तर दाब जास्त झाला होता असे समजून ती टाकायची. नवी टोपी बसवताना सैल जात असेल तर तिचे घर मोठे झालेले असते, तीही टाकायची. आणि आतून टॉर्च मारून बघायचे, की मधोमध एक भोक आहे की बाजूला दोन. एक भोक असेल तर सुईने जुनी टोपी सहज ढकलून काढता येते. दोन असतील तर टोपीखालची ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि टोपी काढणे जिकिरीचे होते. या दोन्ही रीती १८६० च्या दशकातल्या. एक भोकाची बॉक्सर नावाच्या इंग्रजाची आणि दोन भोकांची बर्डान नावाच्या अमेरिकनाची. गंमत अशी की इंग्रजाची रीत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. पोचा आला असेल, रंग काळपट पडला असेल, तर बिघडत नाही. हिरवे जंग चढून खड्डे पडले असतील तर बिघडते.

एक गोष्ट मात्र आपल्या हवेची, आणि ती जगाला हिंदुस्थानातून कळली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या फौजेने इथे काडतुसांचे साठे घोड्यांच्या पागांजवळ ठेवले. पावसाळा आला आणि न वापरलेल्या, नव्या कोऱ्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडू लागल्या. पावसाळ्यात होते म्हणून त्याला ऋतूचा तडा असे नाव दिले. खरे कारण पुष्कळ उशिरा, १९२१ साली, पुढे आले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेला खातो, आणि ज्या पितळेत घडवतानाचा ताण राहून गेला आहे ते त्या ठिकाणी फाटते. गोठ्यात टांगलेल्या पितळी घंटेला किंवा कोनाड्यात ठेवलेल्या तांब्याला कधी अशी चीर गेलेली पाहिली असेल, तर कारण हेच असू शकते. म्हणून पुंगळी ब्रासोने घासू नये असे जाणकार सांगतात, कारण ब्रासोत अमोनिया असतो. दिवाळीत समया घासायला हरकत नाही, समईत कोणी दारू भरत नाही.

चिंचेने घासावी का? पितळेचे भांडे आंबट लावून ठेवले तर वरवर गुलाबी होते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. वरचे जस्त निघून जाते आणि तांब्याची छटा उघडी पडते. भांड्याला एक वेळ चालते, पुंगळीचा पत्रा पातळ, तिला जोराची खटाई चालत नाही. तिकडे लोक अक्रोडाच्या टरफलाच्या चुऱ्यात पुंगळ्या फिरवून स्वच्छ करतात.

इथे मला घरच्या बाईशी बोलायचे आहे. वापरलेल्या पुंगळीच्या आत टोपीची जी काजळी राहते तिच्यात बहुधा शिसे असते. घासताना, चाळताना तिची धूळ उडते. लहान मुलांच्या अंगात थोडे शिसे गेले तरी मेंदूवर परिणाम होतो, आणि हे नुकसान भरून येत नाही. म्हणून अशा पुंगळ्या, .२२ च्या का असेनात, स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवायच्या नाहीत, पितळी भांड्यांच्या टोपलीत टाकायच्या नाहीत, लेकरांना शिट्टी वाजवायला द्यायच्या नाहीत. पुंगळी ओठांशी धरून शिट्टी वाजवणारी पोरे मी कितीतरी पाहिली आहेत. मुलगा रेंजवरून आला की आधी हात साबणाने धुवायचे आणि मग ताटावर बसायचे. कपडेही वेगळे धुतलेले बरे.

आता बॅगेची गोष्ट. आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांना मी हा प्रश्न सांगितला तर ते हसले नाहीत. म्हणाले, फायरिंग संपले की आधी रिकामी पुंगळी मोजायची. तीनशे गोळ्या दिल्या तर तीनशे पुंगळ्या परत. एक कमी पडली तर सगळे जवान गवतात वाकून शोधत, आणि चहा त्यानंतर. तुमच्या मुलालाही हे ठाऊक असणार. एन.सी.सी.त फायरिंगनंतर प्रत्येक कॅडेटला आपल्याजवळ जिवंत गोळी वा रिकामी पुंगळी नाही असे मोठ्याने सांगावे लागते. ही मोजदाद उगीच नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. जवळ बाळगायला परवाना, परदेशातून आणायला परवाना आणि बनवायला वेगळा परवाना. घरी बसून पुंगळीत दारू भरणे हे बनवणेच झाले. विनापरवाना बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. मुलाला घरातल्या टेबलावर हा छंद मांडायचा असेल तर हा आकडा त्याने वाचलेला असावा.

कोणी वकील म्हणेल, की त्याच कायद्यात किरकोळ सुट्या भागांना सवलत आहे. आहे, कलम ४५ मध्ये. पण ती, जे भाग पूरक भागांसोबत वापरायचा इरादा नाही त्यांना. शोभेची एक पुंगळी कपाटात ठेवणारा माणूस त्या सवलतीकडे बोट दाखवू शकेल. मामा तर भाच्याने त्या पुढे भराव्यात म्हणूनच आणणार! आणि विमानतळावर एक्स-रेच्या पडद्यासमोर बसलेला जवान कलम ४५ वाचत नाही. त्याला बॅगेत काडतुसाच्या आकाराचे दोन किलो पितळ दिसते. लग्नघर इकडे आणि नवरीचा मामा चौकीत, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

शिवाय ढिगात एखादी न उडालेली नाही कशावरून? भंगारात हे घडलेले आहे. गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात ३० सप्टेंबर २००४ रोजी परदेशी भंगारातून आलेल्या जिवंत तोफगोळ्याचा स्फोट झाला आणि दहा कामगार गेले. त्यानंतर आयात भंगाराची तपासणी कडक झाली. आपल्या शेजारच्या गुजरातेत जामनगरला पितळी सुट्या भागांचे हजारो कारखाने आहेत आणि त्यातले पुष्कळसे पितळ भंगाराचे. भंगाराच्या जागतिक बाजारात पिवळ्या पितळेला 'हनी' म्हणतात. उडवलेल्या स्वच्छ पुंगळ्यांना 'लेक' असे वेगळे नाव आहे, कारण त्यातले पितळ कसदार आणि एकसारखे. म्हणजे मामांच्या दोन किलोंना तिकडेच भंगारवाल्याकडे किंमत येईल. त्या पैशात भाच्याला चांगले कानाचे संरक्षक आणि नेमबाजीचा चष्मा आणता येतो. रेंजवर या दोन वस्तूंवाचून कोणी उभे राहू नये, आणि त्या बॅगेत आणायला कोणाची ना नाही.

पुढे मुलगा सेंटर फायरला गेलाच, तर क्लबाच्या सचिवांना विचारून, लागेल तो अर्ज लेखी करून, पोचपावती ठेवून. सुरत शहरात शस्त्र परवान्याचे काम पोलीस आयुक्तांकडे आहे. 'चालते हो, सगळे करतात' असे सांगणाऱ्यावर भरवसा नको.

तोवर त्याला पारखच करायची असेल तर .२२ च्या पेटीची करू द्या. पेटीवर लॉट नंबर छापलेला असतो. एकाच कंपनीची, एकाच नावाची गोळी, पण लॉट बदलला की पिस्तुलाला तीच गोळी मानवेल असे नाही. पिस्तूल टेकवून, हात न हलवता, प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या कागदावर मारायच्या आणि भोकांचा घोळका मोजायचा. ज्याचा घोळका सर्वांत लहान, त्या लॉटच्या पेट्या क्लबाकडून एकदम मागवायच्या. वहीत तारीख, लॉट, घोळक्याची रुंदी एवढे लिहायचे. वही शंभर पानी पुरे.